दुसरा आकडा

१

क्षिप्रा गुप्ते दोन वर्षांत मोटारीत बसली नव्हती. मेट्रो चालायची, रिक्षा चालायची, वेळ पडली तर बसही. पण काचा वर केलेल्या, पुढच्या सीटवर शेजारी कुणीतरी बसलेलं, हे तिला सोसत नव्हतं. मयूर विहारच्या सोसायटीतले शेजारी गेटवर थांबून "चलिए मॅडम, छोड़ देते हैं" म्हणाले, की ती हसून सांगायची, मला चालायला आवडतं. दिल्लीच्या मे महिन्यातसुद्धा ती हेच सांगायची.

ती नोएडाच्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवायची. नवरा धीरज नोकरीसाठी जामनगरला असे, महिन्यातून एकदा येई. घरी ती आणि सतरा वर्षांची इशिता. इशिताला गाडी शिकायची होती. क्षिप्राने दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा कारण न देता उठून आत गेली. त्यानंतर आठवड्याभराने इशिताने फोनवर आलेली एक जाहिरात तिच्यापुढे धरली. गुरुग्राममधल्या एका संशोधन संस्थेला स्वयंसेवक हवे होते. अपघात, हल्ला, आग अशा प्रसंगातून वाचलेली आणि तो प्रसंग मनातून न गेलेली माणसं. एका नव्या उपचाराची चाचणी होती.

"आई, तू बरी हो," इशिता म्हणाली, "नाहीतर मला तरी शिकू दे. दोन्हीतलं एक काहीतरी कर ना यार."

पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. क्षिप्राने नाव दिलं.

चाचणीचं काम सांभाळणाऱ्या डॉ. तनेजा पन्नाशीच्या, शांत बाई होत्या. त्यांनी सतरा पानांचा फॉर्म वाचून दाखवला. दहा बैठका. प्रत्येक बैठकीआधी अर्धा तास एक कॅप्सूल घ्यायची. त्यात औषध आहे की नुसतीच पूड, हे रुग्णालाही माहीत नसणार आणि डॉक्टरांनाही. बैठकीत डोळे मिटून तो प्रसंग सांगायचा, आत्ता घडतोय असा. संपला की पुन्हा पहिल्यापासून. दर पाच मिनिटांनी डॉक्टर विचारणार, भीती किती? शून्य म्हणजे मुळीच नाही, शंभर म्हणजे याहून जास्त शक्य नाही. सगळं रेकॉर्ड होणार आणि ते रेकॉर्डिंग घरी रोज एकदा ऐकायचं. ऐकून ऐकून भीतीची धार बोथट होते, असं त्यांचं म्हणणं होतं.

"आणि मधेच सोडावंसं वाटलं तर?"

"कधीही सोडा. कारण सांगायचंही बंधन नाही."

भाषा कुठली, असा एक रकाना होता. क्षिप्राने हिंदी लिहिलं. मराठीत सांगायचं तर ते वडिलांना, अप्पांनाच सांगितल्यासारखं झालं असतं.

२

पहिल्या दोन बैठका ओळखपाळखीत गेल्या. तिसऱ्या बैठकीत तिने डोळे मिटले.

खोली लहान होती. दोन खुर्च्या समोरासमोर, क्षिप्राच्या डाव्या हाताला भिंतीशी तिसरी, रिकामी. टेबलावर काळा रेकॉर्डर. एसीची बारीक घरघर.

तिने सांगितलं ते असं. जानेवारी, सकाळचे आठ. आग्र्याच्या एका लग्नाहून ती आणि तिचे वडील परत येतायत, गाडी तीच चालवतेय. अप्पा, म्हणजे दिनकर वैद्य, वय अठ्ठ्याहत्तर, फरीदाबादच्या सरकारी छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेले. एक्स्प्रेसवेवर धुकं इतकं, की बॉनेटच्या पुढे जग नाही. एकदम पुढे दोन लाल दिवे. ब्रेक. धडक फार मोठी नाही, पण डॅशबोर्ड आत दबतो आणि अप्पांचा पाय अडकतो. पट्टाही सुटत नाही. अप्पा म्हणतात, तू उतर, कुणी मदतीला मिळतंय का बघ. ती उतरते. दहा-बारा पावलं चालते. हाताला रस्त्याकडेचा लोखंडी कठडा लागतो. वळून बघते तर गाडी नाही. सगळीकडे सारखंच पांढरं. ती हाका मारते, "अप्पा, अप्पा." उत्तर नाही. कुठल्या दिशेला जायचं ते कळत नाही, म्हणून ती कठडा धरून उभी राहते. किती वेळ, ते तिला आजही सांगता येत नाही. मग मागून एक टँकर येतो. तो तिला दिसत नाही, ऐकू येतो.

अप्पांना काही कळलंही नसेल, क्षणात गेले, असं सगळ्यांनी सांगितलं. पोलिसांनी, इस्पितळातल्या डॉक्टरांनी, भावकीने. क्षिप्रालाही ते मान्य होतं. तिचा प्रश्न टँकर आल्यानंतरचा नव्हताच, आधीचा होता.

"नंबर बताइए," डॉ. तनेजांचा आवाज आला.

"नब्बे."

बैठक संपली तेव्हा तिचा कुडता पाठीला चिकटला होता. पण ती चालत मेट्रोपर्यंत गेली, राजीव चौकला गाडी बदलली, घरी येऊन भाजी चिरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आल्यावर तिने रेकॉर्डिंग लावलं. स्वतःचा आवाज ऐकणं कठीण होतं, तरी ऐकलं. तिसऱ्या दिवशी तिने इअरफोन लावले. डॉक्टरांचं "नंबर बताइए" आलं, तिचं "नब्बे" आलं, मग थोडी शांतता. त्या शांततेत काहीतरी हललं. खुर्ची सरकावी तसं. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. खुर्ची नव्हती.

कुणीतरी "दहा" म्हणालं होतं.

३

माणसाने कुठलीही गोष्ट आधी स्वतःच्या चुकीत बसवून बघावी, हा क्षिप्राचा नियम. वर्गात गणित सुटलं नाही की ती फळ्यावरची पहिली ओळ तपासायची. तिने तेच केलं. आपणच पुटपुटलो असू. किंवा कॅप्सूलचा परिणाम असेल.

चौथ्या बैठकीचं रेकॉर्डिंग तिने कान देऊन ऐकलं. त्या दिवशी तिची सुरुवात पंच्याऐंशीला झाली होती आणि शेवट बहात्तरला. गणिताच्या बाई असल्याने ती नेमके आकडे द्यायची, डॉ. तनेजा म्हणाल्याही होत्या की बाकीचे सगळे दहाच्या पटीत सांगतात. "पचासी," तिचा आवाज म्हणाला. जरा वेळाने, दुरून, पण स्वच्छ: "पंधरा." शेवटी "बहत्तर." आणि मग: "अठ्ठावीस."

आवाज जाड होता, कोरडा होता. त्यात घाई नव्हती.

पुढच्या खेपेला तिने डॉक्टरांना ते ऐकवलं. डॉक्टरांनी हेडफोन लावून, डोळे बारीक करून ऐकलं. "हां, कुछ है," त्या म्हणाल्या. शेजारच्या खोलीतही बैठका चालतात, भिंती पातळ आहेत, तिथल्या स्वयंसेवकाचा आवाज आला असेल. त्यांनी माफी मागितली. ही गोपनीयतेची बाब होती, त्यांनी ती मनावर घेतली आणि त्याच दिवशी बैठक वरच्या मजल्यावर हलवली. कोपऱ्यातली खोली. एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला खिडकी, खिडकीबाहेर सात मजल्यांची पोकळी.

खोलीत तिसरी खुर्ची होती. क्षिप्राने ती का आहे असं विचारलं नाही. इस्पितळांत खुर्च्या असतातच.

त्या दिवशी ती साठपर्यंत उतरली. सांगताना प्रथमच तिचा आवाज कापला नाही. घरी येऊन तिने रेकॉर्डिंग लावलं.

"साठ."

"चाळीस."

४

उपचार लागू पडत होता, याबद्दल शंका नव्हती. ती सलग झोपू लागली. सहाव्या बैठकीनंतर एका सकाळी ती शेजारणीच्या गाडीत बसून चक्क अक्षरधामच्या सिग्नलपर्यंत गेली आणि परत आली. हात थंड पडले, एवढंच. इशिताने संध्याकाळी केक आणला. केकवर काही लिहिलं नव्हतं. ते बरं झालं.

"मी क्लासला नाव घालू?" इशिताने विचारलं.

"घाल," क्षिप्रा म्हणाली. शब्द सहज निघाला. आपल्याला इतकं सहज वाटतंय, याचंच तिला जरा बिचकायला झालं.

सातव्या बैठकीत ती एकवीसवर आली. डॉ. तनेजांनी पहिल्यांदाच हसून दाद दिली. दुसऱ्या दिवशी क्षिप्रा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिचा फोन चार्ज होत नव्हता, म्हणून ते रेकॉर्डिंग इशिताच्या लॅपटॉपवर टाकलेलं होतं. आतून तिचाच आवाज ऐकू आला. ती लाटणं ठेवून गेली. इशिता लॅपटॉपपुढे मांडी घालून बसली होती.

"सॉरी, आई. चुकून क्लिक झालं आणि मग... मला कधी कळलंच नव्हतं गं, नेमकं काय झालं ते." तिचे डोळे ओले होते. क्षिप्राने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पिठाचा हात होता.

थोड्या वेळाने इशिताने नाक पुसलं. "एक सांग ना. तू सगळं हिंदीत बोलतेस आणि नंबर मात्र परत मराठीत का सांगतेस? आणि एवढा जाड आवाज काढून?"

क्षिप्रा बोटांवरचं पीठ चोळत राहिली.

"शेवटचा तर मला कळलाच नाही. एकोणऐंशी म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन?"

"सेव्हंटी नाइन," क्षिप्रा म्हणाली.

ती परत स्वयंपाकघरात गेली. तव्यावरची पोळी करपली होती. एकवीस आणि एकोणऐंशी. साठ आणि चाळीस. बहात्तर आणि अठ्ठावीस. चौथीतल्या मुलालाही जमली असती अशी बेरीज होती, आणि ती आपण इतके दिवस का केली नाही, हे तिला माहीत होतं.

आवाजाचंही तसंच. अप्पा घरी मुद्रितं आणायचे, तेव्हा लहानपणी ती मूळ प्रत धरून बसायची आणि अप्पा छापील मजकूर मोठ्याने वाचायचे. कायदे, कोष्टकं, रेल्वेची परिपत्रकं. वाचताना त्यांच्या आवाजात काहीच नसायचं, ना आवड, ना कंटाळा. अर्थाकडे लक्ष गेलं की चूक सुटते, असं ते म्हणत. आकडे ते विशेष सपाट वाचायचे.

५

तरीही तिने एक पडताळा घ्यायचं ठरवलं. हा आवाज आपलाच असणं अगदी शक्य होतं. वडिलांचा आवाज मुलीच्या कंठात असतोच कुठेतरी. गुंगीत आपण बोलत असू आणि आपल्या नकळत बेरीज जुळवत असू. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्याही असंच काही म्हणाल्या असत्या, आणि बरोबर म्हणाल्या असत्या. म्हणून आठव्या बैठकीत ती मुद्दाम खोटं बोलली. शंभरातून वजा करून जर कुणी बोलत असेल, तर ते खोट्या आकड्यातूनही वजा करेल. गणित त्याहून वेगळं काही करू शकत नाही.

कठडा, धुकं, टँकर. सगळं सांगताना तिला जवळजवळ काही वाटलं नाही. दुसऱ्या कुणाची हकिकत वाचून दाखवावी तसं. मनातल्या मनात तिने आकडा धरला: बारा.

"नंबर बताइए."

"पचास," ती म्हणाली.

डॉ. तनेजांनी लिहून घेतलं. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या.

तिने घरी जायचीही वाट बघितली नाही. मेट्रोत, दाराजवळ उभी राहून तिने इअरफोन लावले. दुपारची गाडी, अर्धी रिकामी. समोर एक बाई मटार सोलत बसली होती. "पचास," कानात तिचा आवाज म्हणाला. शांतता नेहमीपेक्षा लांबली.

"अठ्ठ्याऐंशी."

यावेळी आवाज सपाट नव्हता. अठ्ठ्याऐंशी हा शब्द लांब आहे, आणि म्हणणाऱ्याला तो एका श्वासात पुरा करता आला नव्हता.

क्षिप्राने इअरफोन काढले. तिला भीती वाटली नाही. भीती वाटायला हवी होती, हे तिला कळत होतं. ती शोधायला तिने मनात हात घातला, तर जेमतेम बारा हाताला लागली. उरलेली कुणाकडे होती, हे आता बेरीज केल्यावाचूनही दिसत होतं. क्षणात गेले, असं सगळे म्हणाले होते.

अजून दोन बैठका उरल्या होत्या. चांगला रुग्ण शून्यावर पोचतो.

६

नवव्या बैठकीच्या दिवशी तिने कॅप्सूल हातात घेतली, तोंडात टाकली, पाणी प्यायली. नियम मोडायचा नव्हता तिला. फक्त गोष्ट वेगळी सांगायची होती.

डोळे मिटले. लग्नाचं घर, चहा, एक्स्प्रेसवे. लाल दिवे, धडक. अप्पा म्हणाले, तू उतर, कुणी मदतीला मिळतंय का बघ. इथे ती नेहमी म्हणायची, मी दार उघडते.

ती गप्प बसली.

"आगे?" डॉ. तनेजांनी विचारलं.

क्षिप्राने मान हलवली. ती उतरली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. वायपर चालू होते. ते चालू होते हे तिला आजवर कधी आठवलं नव्हतं. इंजिनातून काहीतरी थेंब थेंब गळत होतं. काचेबाहेर पांढरं. डावीकडून श्वास ऐकू येत होता, वर वर चालणारा, म्हाताऱ्या माणसाचा. डाव्या दंडाला ऊब लागत होती. वळून बघायला किती वेळ लागला, कोण जाणे.

अप्पा तिच्याकडे बघत नव्हते. ते तिला ओलांडून, तिच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होते. तीही वळली. काचेपलीकडे धुकं होतं, पण तिला वाटत आलं होतं तितकं दाट नव्हतं. चार पावलांवर कठडा दिसत होता. कठडा धरून एक बाई पाठमोरी उभी होती. अंगात मरून जाकीट. ती पलीकडच्या धुक्याकडे तोंड करून हाका मारत होती. काच बंद होती, तरी शब्द कळत होते.

चार पावलं. सबंध वेळ तिथेच.

क्षिप्राने पुन्हा डावीकडे पाहिलं. अप्पांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. दोन्ही हात, एकावर एक. बोटांची पेरं पांढरी पडली होती. बाहेरून "अप्पा" अशी हाक आली की त्यांचं सगळं अंग त्या हातांमागे हलायचं, आणि ते हात आणखी घट्ट व्हायचे.

मागे, लांब, एक चढत जाणारा आवाज सुरू झाला होता.

अप्पांची मान हळूहळू तिच्याकडे वळू लागली.

"नंबर," कुणीतरी म्हणालं. "क्षिप्राजी, नंबर बताइए."

तिने आकडा सांगितला. डोळे उघडले तेव्हा डॉ. तनेजा तिच्या खुर्चीपाशी वाकून उभ्या होत्या. मधे चारदा विचारूनही बावीस मिनिटं ती काही बोलली नव्हती, असं त्यांनी सांगितलं. तिचे दात वाजत होते. दिवसभर तिला ऊब म्हणून आली नाही. संध्याकाळी इशिताने तिच्या अंगावर रजई घातली, आणि क्षिप्राने तिला ड्रायव्हिंगच्या क्लासला जायला सांगितलं. मला काय वाटतं त्याकडे बघू नकोस, जा, म्हणाली.

रेकॉर्डिंग तिने एकदाच ऐकलं. बावीस मिनिटं एसीची घरघर, अधूनमधून डॉक्टरांचा प्रश्न आणि दोन श्वास. मग तिचं "छियालीस," म्हणजे शेहेचाळीस. आणि मग, श्वास न तुटता, "चोपन्न."

मोठा वाटा अजून त्यांनीच ठेवला होता. पण आवाज सपाट झाला होता, मुद्रित वाचल्यासारखा.

७

पुढच्या आठवड्यात ती गुरुग्रामला गेली ती चाचणी सोडायला.

डॉ. तनेजांना वाईट वाटलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. एका बैठकीत असा झटका येणं नवीन नाही, त्या म्हणाल्या. तुमची प्रगती आमच्या सगळ्या स्वयंसेवकांत चांगली होती. फक्त एक बैठक. आता सोडलंत तर अर्ध्यावर राहाल, आणि कदाचित कायम तिथेच राहाल.

"हो," क्षिप्रा म्हणाली. "मला तेवढंच हवंय."

 डॉक्टरांनी फॉर्म पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात क्षिप्राने रेघ ओढली आणि सही केली. खोलीत ऊन आलं होतं. खाली रस्त्यावर ऑफिसच्या गाड्या एकापाठोपाठ एक उभ्या होत्या, त्यांचे भोंगे इथवर येत होते. नेहमीची भीती होतीच. ती आता ओळखीची होती, आणि तिचं वजनही तिला ठाऊक होतं.

"शेवटचा एक आकडा घ्यावा लागतो," डॉ. तनेजा म्हणाल्या. "नोंदीसाठी. रेकॉर्डर बंद आहे." त्यांनी पेन उचललं, कागदावर नजर ठेवली. "नंबर बताइए."

क्षिप्रा लगेच बोलली नाही. वडीलधारं माणूस शेजारी असताना आपण आधी बोलू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहिलं.

"मैंने अभी कुछ कहा नहीं, डॉक्टर."

डॉ. तनेजांचं पेन थांबलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं. रकान्यात, त्यांच्याच नीटस अक्षरात, चोपन्नचा आकडा होता. त्यांनी हळूच मान वर केली, आणि क्षिप्राकडे न बघता तिच्या डावीकडे, भिंतीशी असलेल्या खुर्चीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मेरा छियालीस है," क्षिप्रा म्हणाली.